इन्फंटोमीटरवरचा आकडा आणि पडद्यावरचा मोबाइल: बीड जिल्ह्यातील एका बीट प्रशिक्षणाचा प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका तालुक्याच्या बालविकास प्रकल्पात अंगणवाडी सेविकांसाठी घेतलेल्या दोन प्रशिक्षणांची ही नोंद आहे. दोन्ही प्रशिक्षणांचा विषय एकच होता, प्रशिक्षिका त्याच होत्या आणि समोर बसलेल्या सेविकाही बहुतेक त्याच होत्या. तरीही पहिल्या प्रशिक्षणातून सेविका जवळजवळ जशा आल्या तशाच परतल्या आणि दुसऱ्यातून प्रत्येकीला आपण लेकराची लांबी मोजताना नेमके कुठे चुकतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाले. दुसऱ्या वेळी फरक पडला तो साधने वाढल्यामुळे नाही. उलट प्रोजेक्टर बाजूलाच ठेवला होता. साधने कशासाठी वापरायची हा विचार मात्र आधी झाला होता, आणि तो विचार तंत्रज्ञानाची भीती वाटणाऱ्या प्रशिक्षिकेनेच केला होता. प्रशिक्षणाच्या नियोजनात साहाय्य करण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाला हे सर्व जवळून पाहता आले. व्यक्ती आणि प्रकल्प यांची ओळख येथे दिलेली नाही.

विषय कोणता होता

प्रशिक्षणाचा विषय वरवर पाहता साधा होता: शून्य ते सहा वर्षांच्या बालकांचे वजन आणि उंची अचूक मोजणे व ती पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंदवणे. पोषण अभियान 2018 मध्ये सुरू झाले आणि पोषण ट्रॅकर 1 मार्च 2021 पासून वापरात आले. त्यापूर्वी सेविका वजनाचा ठिपका वृद्धिपत्रकावर हाताने मांडत असे आणि रेघ खाली झुकली की तिला स्वतःलाच कळत असे. आता ती वजन व उंची भरते, आणि बालकाचे वय व लिंग लक्षात घेऊन ॲप त्याची श्रेणी सांगते. या श्रेणींचा आधार जागतिक आरोग्य संघटनेची 2006 ची वाढीची मानके हा आहे. उंचीच्या मानाने वजन उणे तीन प्रमाण विचलनाच्या (मानकातील मधल्या वजनापासून आकडा किती दूर आहे हे सांगणाऱ्या मापाच्या) खाली गेले तर बालक तीव्र कुपोषित, म्हणजे बोलीत ज्याला सॅम म्हणतात ते, आणि उणे दोन ते उणे तीन यांच्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे मॅम.

गणित ॲपने केले, तरी त्या गणितात जाणारा आकडा सेविकेच्या हातातूनच येतो, आणि तो आकडा कोणत्या बाजूला चुकला यावर पुढचे सर्व अवलंबून असते. दोन वर्षांखालील बालकाला इन्फंटोमीटरवर, म्हणजे डोक्याकडे स्थिर आणि पायांकडे सरकती फळी असलेल्या मापफळीवर, झोपवून मोजतात. त्या वेळी त्याचे गुडघे वर उचललेले राहिले, तर लांबी खऱ्याहून कमी भरते. लांबी कमी भरली की त्या लांबीला अपेक्षित असलेले वजनही कमी धरले जाते आणि खरोखर वाळलेले बालक ॲपमध्ये ठीकठाक दिसते. याउलट सरकत्या फळीच्या खुणेऐवजी तिच्या बाहेरच्या कडेवर आकडा वाचला, तर लांबी वाढते आणि बरे असलेले बालक कुपोषितांच्या यादीत जाऊन बसते. दोन वर्षांवरील मुलाला उभे करून मोजायचे असते. झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे 0.7 सेंटिमीटर जास्त भरते, हे ठाऊक नसेल तर दुसरा वाढदिवस उलटताच मुलाची उंची 'घटली' असे दिसते आणि सेविका गोंधळून जुनाच आकडा पुन्हा भरते.

या तालुक्यात या अचूकतेला आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर येथून ऊसतोडीला कोयते, म्हणजे तोडणी मजुरांच्या जोड्या, निघतात. नवरा-बायको मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि लहान लेकरे त्यांच्याबरोबर फडावर जातात. गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती लेकरे गावच्या अंगणवाडीच्या नजरेआड असतात. सप्टेंबरमध्ये जे बालक चुकीच्या लांबीमुळे 'साधारण' ठरले, त्याच्याकडे गावातल्या सेविकेचे लक्ष पुन्हा जाईपर्यंत अख्खा हिवाळा उलटलेला असतो. म्हणूनच प्रकल्पाने हे प्रशिक्षण घटस्थापनेपूर्वी घ्यायचे ठरवले होते.

प्रशिक्षिका

प्रशिक्षिका म्हणजे बीटच्या, म्हणजे काही अंगणवाड्यांच्या गटाच्या, पर्यवेक्षिका. वय पन्नाशीच्या पुढे, निवृत्तीला थोडीच वर्षे उरलेली, अंगणवाडीच्या कामाचा दीर्घ अनुभव. लेकरू काट्यावर ठेवण्यापूर्वीच त्याच्या वजनाचा अंदाज त्या बहुतेक वेळा बरोबर सांगतात. पायावर सूज आहे का हे पाहण्यासाठी दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का, हे त्या न विसरता बघतात. सुजेमुळे वजन फुगलेले असते, त्यामुळे ॲप ज्याला साधारण म्हणते ते बालक प्रत्यक्षात तीव्र कुपोषित असू शकते, हे त्यांना पुस्तकाआधी अनुभवातून कळलेले आहे.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत मात्र त्यांना स्वतःवर भरवसा नव्हता. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे होते. 2001 साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम राज्यातील असंख्य कर्मचाऱ्यांप्रमाणे त्यांनीही नोकरीची अट म्हणून पूर्ण केला होता. त्या परीक्षेत फोल्डर तयार करणे, पत्राचा मजकूर टाइप करणे आणि तक्ता बनवणे होते. सभागृहातल्या टीव्हीला मोबाइल कसा जोडायचा हे त्यात नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. त्यामुळे कागदावर त्या 'संगणक साक्षर' होत्या आणि प्रत्यक्षात लॅपटॉपसमोर बसल्या की शेजारी कोणी तरी असावे असे त्यांना वाटत असे. आपल्या व्यवस्थेत अशा प्रशिक्षकांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्याविषयी बोलताना प्रमाणपत्र व आत्मविश्वास या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

पहिले प्रशिक्षण

पहिले प्रशिक्षण पंचायत समितीच्या सभागृहात झाले. वरून आलेले तयार सादरीकरण पेन ड्राइव्हवर होते आणि ते प्रोजेक्टरवर दाखवावे अशी सूचना होती. सादरीकरण उघडले तेव्हा निम्म्या पानांवरचा मराठी मजकूर वाचता येईना. तो मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. ज्या जुन्या फॉन्टमध्ये तो टाइप केलेला होता, तो फॉन्ट या लॅपटॉपवर नव्हता, त्यामुळे अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांग उमटली होती. मराठवाड्यातच काय, राज्यातल्या कोणत्याही सरकारी कार्यालयात काम केलेल्या माणसाला हे दृश्य परिचित आहे. फाइल पीडीएफ करून पाठवली असती तर फॉन्ट तिच्यासोबतच आला असता आणि हा प्रश्न उद्भवलाच नसता. पण सभागृहात उभ्या असलेल्या पर्यवेक्षिकेला त्या क्षणी वाटले की बिघाड आपल्याच हातून झाला.

संगणक चालवणारा मुलगा काही वेळ खटपट करून दुसऱ्या बैठकीला निघून गेला. खिडक्यांना पडदे नव्हते, त्यामुळे जी पाने वाचता येत होती तीही उन्हात फिकी पडली. पर्यवेक्षिका भिंतीकडे तोंड करून एकेक ओळ वाचू लागल्या. मागच्या ओळीतून एक सेविका म्हणाली, "मॅडम, हितून काहीच दिसंना." त्यावर त्यांनी आवाज चढवला आणि वाचन पुढे चालू ठेवले. इन्फंटोमीटर सभागृहाच्या कोपऱ्यात होता. तो शेवटच्या अर्ध्या तासात बाहेर निघाला आणि त्याभोवती पुढच्या पाच-सहा जणींचाच घोळका झाला. बाकीच्या मागून टाचा उंचावून पाहत राहिल्या.

या सत्रात काय बिघडले याचे उत्तर 'प्रोजेक्टर नीट चालला नाही' असे देणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. प्रोजेक्टर उत्तम चालला असता तरी सेविकांना फक्त वाक्ये दिसली असती. गुडघा किती दाबायचा, डोके स्थिर फळीला कसे टेकवायचे, टाचा सरकत्या फळीला लागून पायाची बोटे वर कशी राहिली पाहिजेत, हे कोणत्याही वाक्यात मावत नाही. पर्यवेक्षिकेकडे जे खरे ज्ञान होते ते त्यांच्या हातात होते आणि सत्राच्या आखणीत त्या हातांना जागाच नव्हती. तंत्रज्ञानामुळे त्यांच्या दुबळ्या बाजूवर झोत पडला आणि बळकट बाजू अंधारात राहिली.

पुढे काय करावे यावरचे मतभेद

सत्रानंतर पर्यवेक्षिकेने स्पष्ट सांगितले की पुढच्या वेळी आपल्याला खडू-फळा द्यावा, यंत्र देऊ नये. कार्यालयात यावर दोन मते पडली. एका मताप्रमाणे त्यांना पुन्हा एखाद्या संगणक वर्गाला पाठवायला हवे होते. दुसऱ्या मताप्रमाणे तंत्रज्ञानाचे सत्र एखाद्या तरुण, मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्या व्यक्तीकडे सोपवावे आणि पर्यवेक्षिकेने फक्त उद्घाटनाचे चार शब्द बोलावेत.

दोन्ही मते सद्भावनेतून आलेली होती, पण दोन्ही चुकीच्या जागी उपाय शोधत होती, असे आमचे मत आहे. संगणक वर्गात जे शिकवले जाते त्यातले फारच थोडे सभागृहात लागते, आणि जे लागते ते त्या विशिष्ट सभागृहातला विशिष्ट टीव्ही, त्याची केबल आणि स्वतःचा फोन यांच्याशी बांधलेले असते. तरुण व्यक्तीकडे सत्र सोपवण्यात त्याहून मोठा धोका होता. ॲपमध्ये कुठे बोट ठेवायचे हे ती व्यक्ती अचूक सांगेल, पण एखादी सेविका "लेकराच्या पायाला सूज हाय, वजन बरोबर येतंय, मग सॅममध्ये धरायचं का न्हाई?" असे विचारील तेव्हा ती व्यक्ती गप्प राहील. अशा प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच तर प्रशिक्षण असते.

अखेर पर्यवेक्षिकेबरोबर बसून वेगळ्या प्रश्नापासून सुरुवात झाली. तुम्ही शिकवता तेव्हा समोरच्या बाईला काय दिसत नाही, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. मागच्या बायांना माझा हात दिसत नाही, त्या म्हणाल्या. आणि थोडे थांबून पुढे म्हणाल्या, त्या आकडा वाचतात तेव्हा त्यांचा डोळा कुठे असतो, ते मला दिसत नाही.

या दुसऱ्या वाक्यात पुढच्या सत्राची सर्व आखणी होती. प्रशिक्षणातील तंत्रज्ञानाविषयी बोलताना आपण बहुधा प्रशिक्षकाकडून प्रशिक्षणार्थ्यांकडे काय दाखवले जाते याचाच विचार करतो. प्रशिक्षणार्थ्याला जे दिसते ते प्रशिक्षकापर्यंत पोहोचवणे हा त्याच साधनाचा दुसरा आणि कित्येकदा अधिक मोलाचा उपयोग असतो. तो बाईंना सुचला, कारण मापनात चूक कुठे होते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तयारी

आखणीत फक्त तीनच क्रिया पर्यवेक्षिकेने स्वतः करायच्या असे ठरले: फोनचा कॅमेरा सुरू करून तो टीव्हीवर दिसतो का पाहणे, चित्रफीत सुरू करून हव्या जागी थांबवणे, आणि सेविकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला फोटो उघडून दोन बोटांनी मोठा करणे. बाकीचे सर्व, म्हणजे केबल जोडणे, टीव्हीचा इनपुट बदलणे, गटात कोणी सामील व्हायचे राहिले आहे का पाहणे, हे बीटमधील एका तरुण पदवीधर सेविकेकडे दिले. दोघींमध्ये "थांबव", "मागं घे", "मोठं कर" असे नेमके शब्द ठरले. हे शब्द ठरवणे क्षुल्लक वाटेल, पण बोलण्याचा ओघ न तुटता दुसऱ्याकडून यंत्र चालवून घेता येणे हे प्रशिक्षकाचे स्वतंत्र कसब आहे आणि त्याचा सराव करावा लागतो.

प्रोजेक्टर बाजूला ठेवून सभागृहातलाच टीव्ही वापरायचे ठरले, कारण तो उजेडातही दिसतो. फोन टीव्हीला केबलने जोडण्याचा पहिला प्रयत्न फसला. अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनच्या टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर येतच नाही. केबल बरोबर असली, ॲडाप्टर नवा असला, तरी पडदा काळाच राहतो. प्रकल्पातल्या कोणाकोणाच्या फोनमधून चित्र येते हे पाहून एक फोन निवडला आणि तोच सत्रासाठी राखून ठेवला. हे शोधण्यात जो वेळ गेला तो आदल्या दिवशी गेला, सेविकांसमोर गेला नाही.

चित्रफिती पर्यवेक्षिकेने स्वतःच्या बीटमधल्या अंगणवाडीत काढल्या. बाहेरची तयार फीत वापरणे सोपे होते, परंतु तिच्यातील साधन वेगळे, भाषा वेगळी आणि मोजणाऱ्या बाईचा पोशाखही वेगळा असतो, आणि मग सेविका मापन पाहण्याऐवजी ते आपल्याकडे कुठे जमणार यावर बोलू लागतात. आईची संमती घेतली. बालकाचा चेहरा चौकटीत येऊ नये म्हणून कॅमेरा कमरेच्या खाली आणि सरकत्या फळीकडे धरला. प्रत्येक फीत एका मिनिटाहून लहान ठेवली आणि तिच्यात एकच गोष्ट होती: एकीत गुडघा, दुसरीत टाच, तिसरीत आई-बाळ काट्यावर आधी आईचे वजन, मग काटा शून्य करणे आणि मग तिच्या हातात लेकरू देणे.

या फिती पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावल्या तेव्हा आवाज आला पण चित्र आले नाही. शोध घेतल्यावर लक्षात आले की फोनच्या कॅमेऱ्यात जागा वाचवणाऱ्या नव्या प्रकारात चित्रीकरण होत होते आणि सभागृहातला जुना टीव्ही तो प्रकार वाचू शकत नव्हता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तो पर्याय बंद करून फिती पुन्हा काढल्या. पर्यवेक्षिकेने ही दुरुस्ती स्वतः केली आणि त्या सेटिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. ज्या व्यक्तीला आठवडाभर आधी यंत्र नको होते, तिने बिघाडाचे कारण शोधून ते नोंदवून ठेवावे, यामागे कोणतेही नवे प्रशिक्षण नव्हते. आता बिघाड तिच्या स्वतःच्या कामाच्या आड येत होता, इतकेच.

फिती सेविकांच्या फोनवर आधीच पाठवल्या. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत आकाराने लहान होते आणि तिच्यातले बारीक आकडे पुसट होतात, म्हणून त्या दस्तऐवज या पर्यायातून पाठवल्या. ॲपच्या पडद्यांचे स्क्रीनशॉट घेऊन, त्यांवरील नावे झाकून, त्यांची पीडीएफ केली आणि काही प्रती कागदावरही काढल्या. नोंदीचा सराव खऱ्या ॲपमध्ये करू दिला नाही, कारण तिथे भरलेला प्रत्येक आकडा कोणा खऱ्या बालकाच्या नावावर जातो.

दुसरे प्रशिक्षण

सत्र टेबलावर ठेवलेल्या इन्फंटोमीटरपासून सुरू झाले. फोन स्टँडवर उलटा बांधून मापफळीच्या थेट वर धरलेला होता आणि पर्यवेक्षिकेचे हात टीव्हीवर सगळ्यांना दिसत होते. गुडघ्यावर हलका पण ठाम दाब देताना त्या बोलत राहिल्या, टाच लावल्यावर थांबल्या, आणि म्हणाल्या, "आता ह्यो हात बघा, मी काय म्हणते त्याकडं नंतर ध्यान द्या." पहिल्या सत्रात भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाई आता पूर्ण वेळ सेविकांकडे पाहत होत्या, कारण टीव्हीवर काय चालले आहे हे त्यांना पाहण्याची गरजच नव्हती.

यानंतरचा भाग या प्रकरणाचा गाभा आहे. टेबलावर एक टणक रबरी बाहुली ठेवली होती. तिची लांबी आधी मोजून कागदावर लिहून, तो कागद घडी करून बाजूला ठेवला होता. प्रत्येक सेविकेने जोडीदारणीबरोबर बाहुली मोजायची, वाचलेला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, आणि ज्या जागेवरून आपण आकडा वाचला त्याच जागेवर डोळ्यांसमोर फोन धरून मापपट्टीचा फोटो गटावर टाकायचा, असे ठरले होते. एकाच वस्तूचे अनेकांनी माप घेऊन तुलना करणे ही मापन प्रमाणीकरणाची जुनी पद्धत आहे. फोटोची जोड मात्र बाईंची स्वतःची.

चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या तेव्हा आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. बाहुली हलत नाही, रडत नाही, गुडघे उचलत नाही; तरी काही आकडे एक सेंटिमीटरहून जास्त पुढे-मागे होते. सभागृहात कुजबुज सुरू झाली आणि साधनच बिघडले असेल असे काहींनी म्हटले. मग पर्यवेक्षिकेने फोटो एकेक करून टीव्हीवर मोठे केले. ज्या सेविकांचे आकडे जास्त आले होते त्यांच्यापैकी काहींच्या फोटोत सरकत्या फळीची बाहेरची कड ठळक दिसत होती आणि खूण तिच्या आड गेलेली होती, म्हणजे त्यांनी कडेवरूनच वाचले होते. इतर काही फोटो तिरपे होते. मापपट्टी आणि खूण यांच्यात जी थोडी उंची असते तिच्यामुळे डोळा डोक्याच्या बाजूला असला की एक आकडा दिसतो आणि पायाच्या बाजूला असला की दुसरा, हे त्या फोटोंत कोणालाही समजेल असे उघडे पडले होते. एका ज्येष्ठ सेविकेने आपला फोटो पाहून, "मॅडम, म्या तर कायम हितूनच बघत आले," असे म्हटले. तिला कोणी चूक म्हटले नव्हते. तिनेच ती पाहिली होती.

फोटो दाखवताना नावे वाचायची नाहीत, असे बाईंनी आधीच ठरवले होते आणि ते पाळले. वयाने मोठ्या सेविकेची चूक तरुण सेविकांसमोर टीव्हीवर मोठी करून दाखवणे कोणत्याही गावात सहज घेतले जात नाही. या बाबतीत जपण्याची जाण सराईत तंत्रज्ञाकडे असेलच असे नाही. पर्यवेक्षिकेकडे ती होती.

दुपारी जेवणानंतर वीज गेली. टीव्ही बंद झाला. सेविका पाच-पाचच्या गटांत बसल्या, प्रत्येक गटात एक फोन मधोमध ठेवला आणि आधीच पाठवलेल्या फिती त्यावर पाहिल्या गेल्या. आधी नियोजनात हा पर्याय लिहून ठेवलेला होता, त्यामुळे कोणाची धावपळ झाली नाही. उलट गटांत प्रश्न अधिक आले. दंडघेराची पट्टीही याच वेळी हातोहात फिरली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकात दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण, हे सर्वांना माहीत होते. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, कातडी न दाबता आणि सैलही न सोडता कशी बसवायची, हे बाईंनी प्रत्येक गटाजवळ जाऊन स्वतः दाखवले.

नंतर काय दिसले

पुढच्या महिन्यात पर्यवेक्षिकेने अंगणवाड्यांना भेटी देताना काही बालकांची लांबी स्वतः पुन्हा मोजून पाहिली. आकडा कुठून वाचायचा ही चूक बहुतेक ठिकाणी सुधारलेली होती. काही बालके या पुनर्मापनात साधारण श्रेणीतून मध्यम कुपोषित श्रेणीत गेली, आणि कोयते सुटण्याआधी त्यांच्या आयांना सोबत नेण्याच्या आहाराबद्दल व तिकडच्या अंगणवाडीत नाव सांगण्याबद्दल बोलता आले. कुपोषितांची संख्या वाढलेली दिसली की वरून विचारणा होते. बाईंनी त्या विचारणेला मापन सुधारल्याचे कारण लेखी दिले.

गुडघ्याची चूक मात्र सगळीकडे गेली नाही, आणि याचे कारण शिकवण्यात नव्हते. इन्फंटोमीटरवर माप घ्यायला दोन माणसे लागतात: एक डोके धरणारी, एक पाय धरून वाचणारी. ज्या अंगणवाडीत मदतनिसाचे पद रिकामे आहे तिथे सेविका एकटीच असते, आणि ती कितीही चांगली शिकलेली असली तरी तिला तिसरा हात फुटत नाही. अशा ठिकाणी आईलाच डोके धरायला शिकवावे, असा तात्पुरता मार्ग बाईंनी काढला व त्यासाठी आणखी एक छोटी फीत आयांच्या बोलीत तयार केली. बीटमध्ये बंजारा समाजाचा एक तांडा आहे. तिथल्या सेविकेने तीच फीत गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलून पुन्हा केली. रिक्त पद भरणे हा त्यावरचा खरा उपाय आहे आणि तो कोणत्याही फोनमध्ये सापडणार नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

गटाचाही प्रश्न उभा राहिला. सत्रासाठी केलेल्या व्हॉट्सॲप गटावर काही दिवसांतच बैठकीचे निरोप, अहवालाच्या मागण्या आणि सणाच्या शुभेच्छा येऊ लागल्या आणि फिती वर कुठे तरी दडून गेल्या. तेव्हा केवळ मापनासाठी वेगळा गट केला, त्यात संदेश टाकण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवला, आणि शंका असल्यास सेविकेने बाईंना थेट फोटो पाठवावा असे सांगितले. हे फोटो अजून येतात. त्यांत बालकाचा चेहरा येऊ नये, केवळ मापपट्टी यावी, ही अट सगळ्या पाळतात.

पर्यवेक्षिकेने आता आपले प्रत्येक सत्र टीव्हीवर घ्यायचे ठरवलेले नाही. सुजेची तपासणी आणि दंडघेर हे दोन विषय त्या पडद्याशिवायच शिकवतात, कारण अंगठ्याचा दाब आणि पट्टीचा ताण दिसत नाही, तो जाणवावा लागतो. वजनकाट्याच्या सत्रात त्या फोन वापरतात. काटा सपाट जागी नसला की आकडा कसा बदलतो, हे दाखवण्यासाठी त्या सेविकांकडून त्यांच्या अंगणवाडीतील काट्याखालच्या फरशीचे फोटो मागवतात. विषयागणिक साधन घ्यायचे की नाही हे त्या आता स्वतः ठरवतात.

सध्या प्रकल्पापुढे असलेला प्रश्न वेगळा आहे. सर्व फिती, स्क्रीनशॉट आणि टीव्हीच्या सेटिंगची नोंद अजून बाईंच्या खाजगी फोनमध्ये आहे आणि त्या लवकरच निवृत्त होणार आहेत. फिती विषयाच्या नावाने प्रकल्प कार्यालयाच्या संगणकावर साठवाव्यात, त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर सभागृहाच्या किल्लीबरोबर ठेवावी, आणि केबल जोडणाऱ्या त्या तरुण सेविकेने पुढचे मापन-सत्र बाईंच्या उपस्थितीत स्वतः घ्यावे, असा प्रस्ताव बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे दिलेला आहे. त्या सेविकेला केबल, टीव्ही आणि फोन यांची अडचण नाही. गुडघ्यावरचा दाब आणि सूज ओळखणारा अंगठा तिला अजून बाईंकडून शिकायचा आहे, आणि त्यासाठी दोघींनी महिन्यातून एक अंगणवाडी एकत्र करायला सुरुवात केली आहे.